फ्लाउंडरच्या पकडीची किंमत देशोदेशी ताडताना

पहिलं काम, शास्त्रीय नावं वेगळी करा. ‘फ्लाउंडर’ हा एक मासा नाही. आपल्या लेपासारख्या चपट्या माशांच्या कितीतरी जाती या नावाखाली येतात. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आकडेवारीत फ्लाउंडर, हॅलिबट आणि सोल एकाच गटात (क्रमांक ३१) आहेत. गटाची बेरीज उचलली, की महाग हॅलिबट आणि अलास्काचा स्वस्त यलोफिन सोल एकत्र होतात आणि सरासरी भाव निरर्थक ठरतो.

मग वजन. एफएओ पकड जिवंत वजनात मोजते, पण बंदरावरची नोंद बरेचदा आतडी काढलेल्या माशाची असते. प्लेस या चपट्या माशासाठी युरोपीय संघाचा गुणक १.०५ आहे, म्हणजे असा १०० टन मासा जिवंत वजनात १०५ टन. डोकंही काढलं असेल तर गुणक आणखी मोठा लागतो. हे विसरलात तर प्रतिकिलो भाव उगाच फुगतो. अमेरिकी भाव पौंडात असतो, त्याला २.२०४६ ने गुणा: ४ डॉलर पौंड म्हणजे ८.८२ डॉलर किलो.

किंमत सर्वत्र पहिल्या विक्रीचीच, म्हणजे मच्छिमाराला मिळालेलीच घ्या. सर्वाधिक चुका इथेच होतात, कारण अलास्कात बराच मासा जहाजावरच गोठवला जातो आणि प्रक्रियेनंतरचा घाऊक भाव सहज हाती लागतो. तो बंदरावरच्या लिलावाशी ताडू नका.

विनिमय दर त्या-त्या वर्षाचा सरासरी घ्या, आजचा नव्हे. कोरियाचा बहुतेक ऑलिव्ह फ्लाउंडर मत्स्यशेतीतला, तो पकडीत धरू नका.