मंदीच्या काळात लेकीला संकलन शिकू द्यावं का?

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. लेक १७ वर्षांची आहे आणि तिला चित्रपट-संकलन शिकायचं आहे. तुम्ही लिहिलंय, "महागाईनं जीव मेटाकुटीला आलाय, ओळखीतल्या लोकांच्या नोकऱ्या जातायत. त्यात सरकार बदललं की कोणाला अनुदान मिळणार आणि कोणाचं काम अडणार, तेही बदलतं. लोकांना पोटाची चिंता असताना सिनेमाला कोण विचारणार? बाप म्हणून मी तिला हो म्हणू की नको?"

हो म्हणा, असं माझं मत आहे. मात्र तुमची भीती खोटी नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते.

हलाखीच्या दिवसांतही माणसं गोष्टी बघतात, ऐकतात, गाणी लावतात. तेव्हा खरा बदल होतो तो त्या गोष्टींना पैसे कोण पुरवतं, यात. सरकारी अनुदान, जाहिरातदार, तिकीट काढणारा प्रेक्षक, परदेशी कंपनी, पदरचे पैसे घालणारा व्यापारी यांपैकी कोण मागे सरतं आणि कोण पुढे येतं, यावर त्या देशातल्या कलावंतांचं आणि तंत्रज्ञांचं पुढचं दशक ठरतं. तुमच्या लेकीनं कोणतंही सॉफ्टवेअर शिकण्याआधी ही गोष्ट समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

ब्राझीलचं बघा. तिथं चित्रपटांना पैसा पुरवणारी आणि त्यांचं वितरण करणारी एम्ब्राफिल्मे ही सरकारी कंपनी १९६९ पासून होती. लष्करी राजवटीनं काढलेली, तरी देशी चित्रपटाचा मोठा भार तिच्यावरच होता. मार्च १९९० मध्ये फर्नांदो कोलोर अध्यक्ष झाले. महागाई आवाक्याबाहेर गेलेली होती. त्यांनी लोकांची बँकेतली बचत गोठवली आणि त्याच सपाट्यात एम्ब्राफिल्मेही बंद केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रदर्शित होणारे ब्राझिलियन चित्रपट बोटांवर मोजण्याइतके उरले. प्रेक्षक होते, कसबी माणसंही होती, पण पैसा एकाच दारातून येत होता आणि ते दार एका सहीनं बंद झालं. १९९३ मध्ये करसवलतींचा कायदा आला, तेव्हा कुठे दशकाच्या मध्यापासून निर्मिती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात पुष्कळ जण टीव्ही आणि जाहिरातींच्या कामावर टिकून राहिले. हे शेवटचं वाक्य लेकीला मुद्दाम वाचून दाखवा.

नायजेरियात याच्या उलट घडलं. १९८६ पासूनच्या आर्थिक फेररचनेत नायरा या तिथल्या चलनाची किंमत कोसळली, फिल्मचा कच्चा माल आयात करणं परवडेना, चित्रपटगृहं ओस पडली. मग १९९२ मध्ये केनेथ नेबुए या कॅसेटच्या व्यापाऱ्यानं इग्बो भाषेतला एक चित्रपट थेट व्हिडिओ कॅसेटवर काढून बाजारात विकला. तो तुफान चालला आणि पुढे आज आपण ज्याला नॉलिवूड म्हणतो, तो धंदा याच रीतीनं वाढला. त्याला सरकारी पैशाचा आधार नव्हता, म्हणून सरकारच्या लहरीनं तो बंदही पडला नाही. मात्र या वाटेची किंमत तंत्रज्ञांनी मोजली. चित्रपट काही दिवसांत उरकायचे, मानधन तुटपुंजं, आणि बनावट कॅसेटी इतक्या झपाट्यानं निघत की कमाई पहिल्या काही आठवड्यांतच करून घ्यावी लागे. कष्टातून कला फुलते, असं जे म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही. त्या कॅसेटींमागे रात्रंदिवस राबलेल्या माणसांना थोडे जास्त पैसे आणि थोडा जास्त वेळ मिळाला असता, तर कामही चांगलंच झालं असतं.

दक्षिण कोरियाचं उदाहरण लेक स्वतःच तुम्हाला देईल, कारण तिच्या वयाच्या मुलांना तिथल्या मालिका आणि गाणी पाठ असतात. त्यामागचा हिशेब तिला कदाचित माहीत नसेल. १९९६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं चित्रपटांवरची प्रदर्शनपूर्व सेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी देश आर्थिक संकटात सापडला आणि डिसेंबर १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं. चित्रपटांत पैसा घालणारे सॅमसंग आणि देवूसारखे बडे उद्योगसमूह काढता पाय घेऊ लागले. त्यांच्या जागी जोखीम घेणाऱ्या गुंतवणूक कंपन्या आल्या. १९९८ मध्ये अध्यक्ष झालेल्या किम दे-जुंग यांच्या सरकारला निर्यातीसाठी नवं काहीतरी हवंच होतं. १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांच्या वाढीसाठी स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे बोलण्याची मोकळीक आधी मिळाली आणि पैसा मागून आला. यश सांगताना लोक पैशाचाच भाग सांगतात, ते मला अपुरं वाटतं.

हेच सरकारी पाठबळ पुढे हत्यारही झालं. पार्क ग्युन-हे अध्यक्ष असताना ९,००० हून अधिक कलावंतांची काळी यादी केली गेली होती. विरोधी उमेदवाराला पाठिंबा दिलेले, २०१४ च्या सेवोल बोट दुर्घटनेबद्दल सरकारला जाब विचारणाऱ्या पत्रकांवर सह्या केलेले असे लोक त्यात होते आणि त्यांना अनुदानापासून दूर ठेवायचं होतं. दिग्दर्शक बोंग जून-हो यांचंही नाव त्यात होतं. ही यादी २०१६ मध्ये उघडकीला आली, २०१७ मध्ये पार्क यांना पायउतार व्हावं लागलं आणि त्यांच्या एका सांस्कृतिक मंत्र्यांना या प्रकरणी तुरुंगवास झाला. आणखी एक गोष्ट. सगळं जग या उद्योगाकडे कौतुकानं बघू लागलं होतं, त्याच काळात, २०११ मध्ये, तिथली एक तरुण पटकथालेखिका गरिबीत, धड उपचारही न मिळता गेली. त्या धक्क्यातून कलावंतांच्या कल्याणाचा कायदा झाला. उद्योग भरभराटीला आला म्हणजे त्यात काम करणाऱ्या प्रत्येकाचं पोट भरतं, असं नसतं. याबाबत फ्रान्सची व्यवस्था मला जास्त माणुसकीची वाटते. वर्षभरात ५०७ तास काम झालेल्या रंगकर्मी आणि तंत्रज्ञांना तिथं मधल्या रिकाम्या काळात बेकारी भत्ता मिळतो.

आता तुमच्या घरातल्या प्रश्नाकडे येते. लेकीनं संकलन निवडलंय, याचा मला आनंद आहे. चित्रपट, मालिका, बातम्या, जाहिराती, माहितीपट, शिकवण्याचे व्हिडिओ अशा अनेक ठिकाणी संकलक लागतो. म्हणजे तिच्या कसबाला पैसे देणारे लोक वेगवेगळे असू शकतात. शिकतानाच तिनं निदान तीन प्रकारच्या कामांत हात बसवावा, आणि त्यातलं एक तरी सरकारच्या किंवा एखाद्या चॅनेलच्या मर्जीवर अवलंबून नसावं. दुसऱ्या देशातल्या लोकांसाठी काम करण्याची तयारीही ठेवावी. अर्जेंटिनात २००२ च्या सुरुवातीला पेसो या तिथल्या चलनाचं मूल्य कोसळलं, तेव्हा परदेशी जाहिरात कंपन्या स्वस्तात चित्रीकरण करायला ब्युनोस आयर्सला येऊ लागल्या. ज्यांना इंग्रजीत काम समजून घेता येत होतं आणि वेळेत देता येत होतं, त्यांच्यासाठी ती संधी होती. साध्या कापाकापीची कामं आता सॉफ्टवेअर करू लागलंय, त्यामुळे नुसती बटणं शिकवणारा अभ्यासक्रम घेऊ नका. प्रसंग कुठे तोडायचा आणि का, हे शिकवणारी जागा शोधा.

मंदी येते तेव्हा काम थांबण्याआधी पैसे उशिरा मिळू लागतात, आणि पहिली कुऱ्हाड नवख्या सहायकांवर पडते. म्हणून करार लेखी असावा, काही रक्कम आगाऊ घ्यावी आणि श्रेयनामावलीत नाव येणार हे कागदावर असावं. पहिल्याच कामापासून ही सवय लावा. ओळखीचा आहे, फुकट कर, असं कोणी म्हणालं तर तुम्ही तिच्या बाजूनं उभे राहा. भीड तिला पडेल, तुम्ही पडू देऊ नका.

शिक्षणासाठी मोठं कर्ज मात्र काढू नका, याबाबत मी ठाम आहे. सुरुवातीची काही वर्षं या क्षेत्रात उत्पन्न अनियमित असतं आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो. अशा जोखडाखाली मुलं मिळेल ते काम घेतात आणि शिकणं थांबतं. कमी फीचा, लहान मुदतीचा अभ्यासक्रम आणि सोबत एखाद्या संकलकाकडे उमेदवारी, हे मला अधिक पटतं.

राजकारणाबद्दल तुम्ही विचारलंय की तिला गप्प राहायला सांगू का. सांगू नका. काय बोलायचं, कोणत्या कामाला नाही म्हणायचं, हे मोठी झाल्यावर तिचं तीच ठरवेल. तिची कमाई एकाच ठिकाणाहून येत नसेल, तर हा निर्णय तिला न घाबरता घेता येईल. आज तुम्ही तिला कोणती कामं शिकायला पाठवता, त्याचा याच्याशी थेट संबंध आहे.

प्रवेश घेण्याआधी तुम्ही दोघं संस्थेत जा. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची नावं मागा आणि त्यांच्याशी बोला. हे क्षेत्र सोडून गेलेला एखादा भेटला, तर त्याला अधिक वेळ द्या. गेल्या वर्षी पैसे कोणाकोणाकडून आले आणि किती उशिरानं आले, हे प्रत्येकाला विचारा. प्रश्न लेकीला विचारू द्या, तुम्ही ऐका. जे कळेल ते आणि संस्थेच्या फीचा तपशील मला कळवा, म्हणजे नेमक्या अभ्यासक्रमाबद्दल बोलता येईल.

तुमची,
करिअर समुपदेशक