पहिल्या महायुद्धातील हिंदी सवारांनी घरी लिहिलेल्या पत्रांत पत्नीविषयी ओलावा का दिसत नाही?

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी (म्हणजे हिंदुस्थानी) घोडदळाच्या सवारांची जी पत्रे आज वाचायला मिळतात, त्यांत जमीन, पैसा, कोर्टकज्जे आणि नातेवाइकांना सलाम-रामराम एवढेच असते. पत्नीबद्दल आले तर एखादेच वाक्य येते. मग या जोडप्यांत जिव्हाळाच नव्हता का, असा आपला प्रश्न आहे. जिव्हाळा होता, असे माझे मत आहे. मात्र ही पत्रे खाजगी नव्हती, आणि ती खाजगी समजून वाचली की कोरडी वाटणारच.

पत्राचा प्रवास पाहिला म्हणजे हे लक्षात येते. घोडदळात भरती मुख्यतः पंजाब, राजपुताना आणि संयुक्त प्रांत (साधारण आजचा उत्तर प्रदेश) येथून होत असे. पुण्याचे नाव मिरवणाऱ्या पूना हॉर्स या घोडदळाच्या पलटणीतही राजपूत आणि मुसलमान सवारांचाच भरणा होता. त्यांपैकी अनेकांना लिहिता येत नव्हते. असा सवार पलटणीतील एखाद्या साक्षर सोबत्याला मजकूर सांगे आणि तो लिहून घेई. आजूबाजूला चार जण बसलेले असतच. गावी पोहोचल्यावर तेच पत्र मास्तर, पटवारी किंवा घरातला शिकलेला मुलगा मोठ्याने वाचून दाखवी. 1911 च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण जेमतेम 1 टक्का होते, हे ध्यानात घेतले तर पत्नीने पत्र एकटीने उघडून वाचले असेल अशी कल्पना करणे कठीण आहे. सासरा, दीर, सासू आणि कदाचित शेजारीही ऐकत असताना नवऱ्याने काय लिहावे? चारचौघांत पत्नीचे नाव न घेण्याचा रिवाज आपल्याकडेही अगदी अलीकडेपर्यंत होताच. त्यामुळे पत्र बहुधा वडिलांच्या किंवा भावाच्या नावे जाई आणि पत्नीचा उल्लेख ‘घरी’ किंवा ‘मुलाची आई’ अशा आडोशाने येई. सुरुवातीला ‘इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ या थाटाचा ठरीव मायना, मग एकेका नातलगाला मानाप्रमाणे नमस्कार, यातच अर्धा कागद संपे.

या सगळ्यांच्या जोडीला सरकारी वाचकही होता. 1914 च्या अखेरीस फ्रान्समध्ये हिंदी टपालासाठी स्वतंत्र सेन्सॉर कचेरी उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख इव्हलिन हॉवेल हे हिंदुस्थानात नोकरी केलेले सनदी अधिकारी होते. मार्च 1915 च्या सुमारास हिंदी सैनिक आठवड्याला 10,000 ते 20,000 पत्रे लिहीत होते. ती सर्व वाचणे अशक्य होते, म्हणून काही निवडून तपासली जात आणि त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर अहवालासोबत वर पाठवले जाई. आपले पत्र कोणीतरी वाचतो, हे सैनिकांनी लवकरच ओळखले आणि आडवळणाने लिहिण्याची कला साधली. हिंदुस्थानातून आलेली काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, अशा धर्तीची वाक्ये घरी जाऊ लागली; काळी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरनेही हे ओळखले होते, म्हणून तर ते अहवालात टिकून राहिले. जो माणूस सैन्याची हानी मिरीच्या भाषेत सांगतो, तो पत्नीची आठवणही उघड शब्दांत सांगणार नाही.

म्हणून अशा पत्रात भावना शोधायची तर व्यवहाराच्या वाक्यांत शोधावी. मनिऑर्डर कोणाच्या नावाने पाठवली, त्यातले काही पत्नीच्या हाती द्यावे असे स्पष्ट लिहिले आहे का, तिला माहेरी पाठवा किंवा पाठवू नका असा आग्रह आहे का, तिच्या तब्येतीची चौकशी लागोपाठच्या पत्रांत होते का, हे पाहावे. एकत्र कुटुंबात, सासूच्या हाताखाली राहणाऱ्या बाईसाठी ‘इतके रुपये तिला द्यावेत’ हे सर्वांसमक्ष वाचले गेलेले वाक्य म्हणजे दूरच्या नवऱ्याने तिची बाजू घेणेच होते. अर्थात हा माझा अर्थ आहे. प्रत्येक पत्राला तो लागू पडेलच असे नाही, कारण काही पत्रांत पत्नीच्या वागणुकीबद्दलचा संशय आणि दमदाटीही आढळते.

घोडदळाचा वेगळा विचार करायला दोन कारणे आहेत. पहिले कारण मुक्कामाच्या लांबीचे. हिंदी पायदळाचा मोठा भाग 1915 च्या अखेरीस फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे (आजच्या इराककडे) हलवला गेला, पण घोडदळ 1918 च्या आरंभापर्यंत तिथेच राहिले. 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समधील हाय वूड या जंगलापाशी डेक्कन हॉर्स या पलटणीने भाले घेऊन केलेला हल्ला किंवा 1917 च्या अखेरची कांब्रेची लढाई असे प्रसंग सोडले, तर त्यांचा बराच काळ घोड्यावरून उतरून खंदकांत किंवा आघाडीमागच्या खेड्यांत वाट पाहण्यात गेला. रजा मिळत नाही ही तक्रार या पत्रांत पुन्हा पुन्हा येते.

दुसरे कारण घोड्याचे. यातील बहुतेक रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते. म्हणजे भरती होताना सवाराने घोडा आणि सरंजाम यांपोटी रक्कम भरायची आणि नोकरी सुटताना ती परत घ्यायची. तिला ‘असामी’ म्हणत. ती उभी करताना घरची जमीन किंवा दागिना गुंतलेला असू शकत होता. त्यामुळे घोड्याची खबर हा केवळ लष्करी तपशील नसून घरच्या हिशेबाचाही भाग होता. (परदेशातील दीर्घ युद्धात ही पद्धत कोलमडली आणि युद्धानंतर ती बंद झाली.)

खेड्यांतील मुक्कामामुळे पत्रांत एक नवा विषय आला. शेतकऱ्यांच्या घरी राहताना सवारांनी पाहिले की नवरा आघाडीवर असताना फ्रेंच बाया शेती, गुरे आणि हिशेब सांभाळतात आणि वर्तमानपत्रही वाचतात. त्यानंतर काही जणांनी घरी लिहिले की मुलींना शाळेत घाला, दागिन्यांवर पैसा घालवू नका. मला ही पत्रे सर्वांत बोलकी वाटतात. मात्र त्याच फ्रेंच स्त्रियांशी जुळलेल्या संबंधांच्या गोष्टी मित्रांना किंवा भावांना कळवल्या जात, पत्नीला नव्हे. एकाच माणसाची दोन पत्रे शेजारी ठेवली, तर वाचणारा कोण आहे त्यानुसार तो किती बदलतो ते दिसते.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. यातील बहुसंख्य मूळ पत्रे आज उपलब्ध नाहीत. उरले आहेत ते सेन्सॉरने निवडलेले इंग्रजी उतारे, जे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) दप्तरात ठेवलेले आहेत. निष्ठा, असंतोष, अफवा, भरती यांविषयी सरकारला जे कळायला हवे होते तेच त्यांत अधिक आले आणि घरगुती मजकूर साहजिकच गाळला गेला. म्हणजे आपल्याला जाणवलेल्या कोरडेपणातील काही भाग सवाराचा नसून निवड करणाऱ्याचा आहे. ते अहवाल पाहिलेत तर हिंदुस्थानातून फ्रान्सला आलेल्या पत्रांचे उतारे आधी वाचावेत. तिथे पत्नींनी सांगून लिहवलेली पत्रेही भेटतात, आणि ‘केव्हा येणार’ हे विचारताना त्या नवऱ्यांपेक्षा कितीतरी कमी संकोच करतात.