घरामागची दरड : भिंतीआधी पाणी बघा

महाडजवळच्या वाडीत डोंगर कापून घर बांधलंय, मागे वरच्या अंगाला भेग दिसतेय, आता काँक्रीटची भिंत घालू की वाळ्याचं गवत लावू, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नंतर.

उघडीप मिळाली की भेगेच्या दोन्ही काठांना एकेक खुंटी ठोका, मधलं अंतर टेपने मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. चार-पाच दिवसांनी पुन्हा मोजा. वाढत असेल तर भिंतीचं नाव काढू नका. घर रिकामं करा आणि भूवैज्ञानिकाच्या पाहणीसाठी तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. वाढत नसेल तर चिकणमातीने भेग ठासून बुजवा, वर ताडपत्री घाला.

खरा घोळ मुरलेल्या पाण्याचा. वर माती-मुरूम, खाली कातळ. पाणी कातळावर अडतं, माती जड होते आणि तिची पकड सुटते. म्हणून भेगेच्या वरच्या बाजूला आडवा चर हवा. पण कच्चा चर खणलात तर डोंगराला आयतं पाणी पाजाल! दगड-सिमेंटने बांधा, उतार देऊन थेट पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत न्या. शोषखड्डा वर असेल तर तो आधी हलवा.

भिंतीत मी स्वतः फसलोय. गवंड्याने मागचं पाणी बाहेर पडायला पाइप ठेवले, पण मागे दगडगोट्यांऐवजी खणलेली मातीच भरली. मी खूश, पाइपातून थेंब येत नाही म्हणून. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. भर पावसात पाइप कोरडे म्हणजे पाणी आत तुंबलंय, हे तेव्हा कळलं.

वाळा जरूर लावा, मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, वरची माती धरतात. त्याखालचा थर सरकायला लागला तर वाळ्यासकट खाली येईल.

आणि ‘आमचं गाव दरडप्रवण यादीत नाही’ यावर विसंबू नका. रायगडमधली इर्शाळवाडीही नव्हती; १९ जुलै २०२३च्या रात्री माणसं झोपेत गाडली गेली. दारं अचानक अडकू लागली, झाडं कलली, झऱ्याला गढूळ पाणी आलं, किंवा धो धो पावसात पऱ्याचं पाणी एकाएकी कमी झालं (वर माती अडकलेली असते), तर उजाडायची वाट बघू नका. निघताना पऱ्याच्या कडेने खाली उतरू नका, चिखलाचा लोंढा तिथूनच येतो. आडवं चालत बाजूच्या सोंडेवर जा. ती वाट आत्ताच, दिवसाउजेडी, घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन एकदा चालून बघा.