गाडी नेमकी कुणासाठी?

"मॅडम, आम्ही त्याचे हाल तर करत नाही ना?" मी समुपदेशन करते. पूर्वी हा प्रश्न अंथरुणाला खिळलेल्या माणसांबद्दल यायचा. हल्ली कुत्र्यांबद्दलही येतो, आणि डोळ्यातलं पाणी तितकंच खरं असतं.

ठाण्याच्या एक ताई आल्या होत्या. त्यांचा डॅशहुंड सात वर्षांचा. लांब पाठ, आखूड पाय. या जातीत मणक्यातली गादी सरकून मागचे पाय जाण्याचा धोका मोठा. ऑपरेशन झालं, पण पायांत जोर आला नाही. मग मागच्या धडाला आधार देणारी, पट्ट्यांनी अंगाला बांधायची दोन चाकांची गाडी आली. दिवसातून चारदा लघवी दाबून काढायची, मांड्या पुसायच्या, सगळं ताईच करायच्या. सोसायटीतले म्हणत, "मोकळं करा हो त्याला."

"लोक बोलतात त्याचा त्रास होतो, की ते खरं असेल याची भीती वाटते?"

"दोन्ही. त्याला लाज वाटत असेल हो, असं फरफटायची."

"त्याला, की तुम्हाला?"

दोन भेटी आम्ही याच्याच भोवती फिरलो. माझी भिस्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर: घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण मनाशी जे घोकतो, ते जास्त छळतं. पण इथे तेवढ्यानं भागणार नव्हतं. ताईंचा विचार बदलला म्हणून कुत्र्याचं अंग दुखायचं थोडंच थांबतं? म्हणून मी अंगाकडे वळले.

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. जांघेत, पट्ट्याखाली, रुपयाएवढा लालभडक चट्टा.

"गाडीत किती वेळ असतो?"

"संध्याकाळी दोन तास."

"डॉक्टरांनी किती सांगितलंय?"

"वीस मिनिटं."

"मग?"

त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. सोडवलं, पुन्हा गुंडाळलं. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला वीस वर्षांत जमायला लागलंय. मग त्या म्हणाल्या, "तेव्हा सगळे खाली असतात ना. त्यांना दिसायला नको, तो मजेत आहे ते?"

म्हणजे पहिली वीस मिनिटं कुत्र्याची, पुढची शंभर शेजाऱ्यांची! तशा गाडीत कुत्र्याला धड आडवंही होता येत नाही. गाडी लावणं बरोबर की चूक, असं मला आता कुणी विचारलं तर मी आधी घड्याळ विचारते.

अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबॉस यांची एक मोजपट्टी मी ताईंना दिली. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना प्रत्येकी 10 पैकी गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. हालचाल त्यात सातातली एकच आहे, हे बघा. दर रविवारी लिहा, आणि शेजारीण काय म्हणाली ते त्यात धरू नका. बेरीज घसरायला लागली तर काय करायचं, ते आजच, डोकं शांत असताना, डॉक्टरांशी बोलून ठेवा. दयामरणाबद्दल विचारलं म्हणजे दगा दिला असं होत नाही. चट्टा मात्र लगेच दाखवा, तोवर गाडी बंद.

महिन्याभरानं ताई आल्या. चट्टा भरला होता. आता वीस मिनिटं झाली की त्या पार्किंगमध्येच पट्टे सोडतात आणि त्याला कडेवर घेतात. बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "काय, दमला वाटतं?"

"हो, दमला," असं म्हणून ताई लिफ्टकडे गेल्या.