सुभेदारकाका आणि नोव्हेंबर महिना

‘शेजारच्या एखाद्या माणसाची किंमत तो गेल्यावर कळली, असं तुमच्या बाबतीत झालंय का?’ असं आपण विचारलंय. माझं उत्तर थोडं वेगळं आहे. आमच्या सुभेदारकाकांची किंमत आम्हाला ते असतानाच माहीत होती. मे 2023 मध्ये ते गेले. त्यांच्या जागी कोण उभं राहणार, हा प्रश्न मात्र तेव्हा पहिल्यांदा पडला.

आम्ही साताऱ्याचे. आमच्या जिल्ह्यात फौजी माणसाचं कुणाला अप्रूप नसतं. अपशिंगे मिलिटरी या एकाच गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. काकाही बेळगावला भरती होऊन मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले. डिसेंबर 1971 मध्ये ही पलटण बांगलादेशच्या युद्धात ब्रह्मपुत्रा ओलांडून तिथल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. जमालपूरचा वेढा फोडून निसटायला निघालेली पाकिस्तानी तुकडी 10 डिसेंबरच्या रात्री तिच्यावरच येऊन आदळली. काका त्या रात्रीबद्दल फार बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, “बूट भिजलेले होते, वाळायला वेळच मिळाला नाही.”

त्यांच्याबरोबर भरती झालेला एक मित्र त्या लढाईतून परत आला नाही. पुढे सुट्टीवर आल्यावर काका त्याच्या घरी गेले, तर बायकोची पेन्शन अडकलेली. कागदावर तिचं माहेरचं नाव, लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीच्या दप्तरातली अधिकृत नोंद, झालेलीच नाही. त्या एका नावासाठी काकांनी किती खेटे घातले ते काकीच जाणोत. ते काम झालं आणि मग आसपासच्या गावांतल्या बाया त्यांच्याकडे येतच राहिल्या. रिटायर झाल्यावर तर त्यांच्या ओटीवर कायम कुणाची तरी पिशवी उघडलेली असायची. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, पासबुक, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेलं. काका चष्मा लावून एकेक कागद सरळ करायचे, त्यावरून तळहात फिरवायचे आणि मगच वाचायचे.

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. काका स्वतःच्या पैशानं रिक्षा करायचे आणि चार-चार जणींना घेऊन जायचे. हल्ली दाखला मशीनवर अंगठा लावून होतो आणि अडचण तिथेच येते. जन्मभर खुरपणी केलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत, मशीन घेत नाही. काका थर्मासमध्ये कोमट पाणी न्यायचे. आजीचा हात पाण्यात धरायचे, टॉवेलनं कोरडा करायचे, खोबरेल तेलाचा एकच थेंब अंगठ्यावर चोळून पुसून टाकायचे. तरी लागला नाही तर दुसरं बोट. “घाई नाही, आपल्याला कुठं परेडला जायचंय,” म्हणायचे. माझ्या मते दानधर्म याहून मोठा नसतो. पैसे देणारे पुष्कळ भेटतात, पण दुसऱ्याच्या आईसाठी रांगेत तीन तास उभं राहणारा क्वचित भेटतो.

आमच्या घराला तर त्यांनी काय दिलं नाही? बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा सव्वा महिना रात्रीची पाळी त्यांनी घेतली. शेवग्याला शेंगा लागल्या की पहाटेच प्रत्येक दाराच्या कडीला जुडी अडकवलेली दिसायची, बुटाच्या जुन्या नाडीनं बांधलेली. नाडी परत द्यायची असायची, हा एकच नियम.

ते गेल्यावर काकींच्या फॅमिली पेन्शनचे कागद शोधायला आम्ही त्यांची काळी ट्रंक उघडली. पांढऱ्या रंगानं नाव-नंबर घातलेली. सगळ्यात वर एक फाइल होती, त्यावर त्यांच्या अक्षरात ‘माझ्यानंतर’. आत अर्ज भरलेला होता. फक्त तारीख आणि काकींची सही तेवढी बाकी होती.

त्या नोव्हेंबरात काकींना मी घेऊन गेले. पहिल्यांदा अंगठा लागला नाही, दुसऱ्यांदाही नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मावशी, उद्या या.” मी पिशवीतून थर्मास काढला. काकींचा हात पाण्यात धरला, पुसला, तेल लावलं, परत पुसला. काकी माझ्या हाताकडे बघत होत्या.

“अस्संच करायचे,” एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्यांदा लागला. बाहेर रिक्षात अजून तिघी बसल्या होत्या. त्यांचे दाखले करून घरी यायला आम्हाला दीड वाजला.