गँगवे चढण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

न्हावाशेवा बंदरात बोटी तपासणारी सर्वेयर म्हणून नेमणूक झाल्याचं तुझ्या आईने सांगितलं. फार आनंद झाला. तू स्वतः बोटीवर वर्षं काढली आहेस, खलाशाचं जिणं मी तुला समजवायला नको. पण तपासणीला आलेल्या माणसापासून खलाशी काय लपवतो आणि का, त्याबद्दल थोडं लिहितो.

विश्रांतीच्या नोंदींपासून सुरुवात कर. एमएलसीचा, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियम तुला पाठ असेलच: २४ तासांत किमान १० तास, सात दिवसांत ७७ तास, दहा तासांचे दोनच तुकडे, त्यातला एक सहा तासांचा तरी. वही उघडलीस की सगळं अगदी तसंच भरलेलं दिसेल. बोट धक्क्याला लागली पहाटे तीनला, दोर टाकायला सगळे डेकवर, आणि वहीत मात्र बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, गाढ झोपलेला. म्हणून ती वही एकटी वाचू नकोस. शेजारी डेकचं लॉगबुक ठेव, बोटीला बंदरात वाट दाखवणारा पायलट कधी चढला ते बघ, इंजिनरूममधले अलार्म, तेल भरल्याच्या वेळा बघ. एक तफावत सापडली की बाकीच्या आपोआप दिसायला लागतात.

आता मी सर्वेयर असताना माझ्या हातून झालेली चूक सांगतो, अजून बोचते ती. एका बोटीवरच्या कुकने चिठ्ठी पाठवली होती, टाकीतलं पाणी पिण्याजोगं नाही म्हणून. मी तडक कॅप्टनच्या केबिनमध्ये गेलो आणि पहिलाच प्रश्न पाण्याचा विचारला. तक्रार गेली आहे हे त्याला तिथेच कळलं. कोणाकडून गेली असेल हे ओळखायलाही फार वेळ लागला नसावा. पुढच्या बंदरात कुकला उतरवून घरी पाठवलं. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राखणं आपल्यावर बंधनकारक आहे, त्याला त्रास देणं नियमाने मना आहे. मी त्याचं नाव उच्चारलं नव्हतं, तरी ते माझ्यामुळेच फुटलं.

तू असं कर. तक्रार पाण्याची असेल तर आधी लाइफबोट बघ, केबिन बघ, औषधांचं कपाट बघ, गॅलीतला, म्हणजे स्वयंपाकघरातला, भाजीपाला बघ, आणि ओघात पाण्यापाशी ये. बोलायचं तर सगळ्यांशी बोल, एकेकट्याशी, आणि प्रत्येकाला साधारण सारखाच वेळ दे. कॅप्टन दारात रेंगाळला तर त्याला नम्रपणे पण स्पष्ट सांग.

तरुण पोरांना एजंटला किती दिले ते जरूर विचार. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. मेडिकल, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याचा. पण गावाकडे जमीन गहाण ठेवून, व्याजाने पैसे काढून बोटीवर गेलेला पोरगा पगार थकला तरी बोलत नाही. नोकरी गेली तर कर्ज कसं फेडणार, हे त्याच्या डोक्यात असतं. त्याचं मौन म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नकोस. घरी पैसे पोचतात का, एवढंच विचार. चेहरा उत्तर देतो.

पगाराबाबत एक हिशेब खलाशांना कोणी सांगत नाही, तो तू सांग. दोन महिन्यांचा पगार थकवला आणि मालकाने असे हात झटकले की बोट सोडून दिली असं धरता येतं. १८ जानेवारी २०१७ पासून मालकाला त्यासाठी आर्थिक हमी ठेवावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र क्रूला दिसेल असं लावावं लागतं. पण ही हमी थकीत पगारापैकी चार महिन्यांपुरतीच. आज देतो, उद्या देतो ऐकत जो दहा महिने गप्प बसतो, त्याचे सहा महिने हमीच्या बाहेर राहतात. त्यासाठी मग कोर्टात बोटीवर दावा लावत बसायचं. तिसऱ्या महिन्यातच बोललेलं बरं. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या जागतिक संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये ३१२ बोटींवर ३,१३३ खलाशी असे वाऱ्यावर सोडले गेले, त्यांत सगळ्यांत जास्त आपले भारतीय होते.

बोट रोखण्याचा अधिकार तुझ्या हातात आहे. बोट ज्या देशाचा झेंडा लावते त्याने एमएलसी करार मान्य केलेला नसला तरी आपल्या बंदरात त्या बोटीला वेगळी सवलत नाही. गरज असेल तिथे कचरू नकोस. पण रोखल्यावर फाइल मिटवू नकोस. २०१३ साली लेबननमधल्या बैरूतला आलेली ऱ्होसस ही मालवाहू बोट आठव. तपासणीत दोष निघाले, निघायला मनाई झाली, मालकाने पाठ फिरवली. कॅप्टन आणि काही खलाशी कित्येक महिने त्या बोटीवरच अडकून पडले, अन्नपाण्याला मोताद. तिच्यावरचं २,७५० टन अमोनियम नायट्रेट बंदराच्या गोदामात गेलं आणि ४ ऑगस्ट २०२० ला त्याचा स्फोट होऊन काय झालं ते जगाने पाहिलं. दोष शोधणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण बोट थांबवलीस की तिच्यावरची माणसं रोज काय खातात, जनरेटरला तेल आहे का, हमी देणाऱ्या विमा क्लबला आणि युनियनला कळवलं का, हे तुलाच विचारत राहावं लागेल. दुसरं कोणी विचारीलच असं नाही.

आणि हो, डिसेंबर २०२४ पासून सुरक्षेची साधनं बायकांच्याही मापाची देणं बोटींवर बंधनकारक झालंय. क्रूमध्ये एखादी मुलगी असेल तर तिचे बूट बघ. तुझ्या वेळी तुला मोज्यांत कागद कोंबावे लागायचे, तूच सांगितलं होतंस.

पहिली तपासणी झाली की रात्री फोन कर. उशीर झाला तरी चालेल, मी जागा असेन.

तुझा,
काका