मेंदूत रक्तस्राव झालाय, तरी डॉक्टर ऑपरेशन का करत नाहीत?

वडिलांना चोपड्याहून जळगावला हलवलंत आणि तिथे 'सध्या ऑपरेशन नको' म्हणाले, म्हणजे हात टेकले असं नाही. मोठ्या मेंदूतल्या रक्तस्रावात लगेच कवटी उघडून सरसकट फायदा होत नाही, हे २००५ साली हजारावर रुग्णांच्या 'स्टिच' अभ्यासात दिसलं. म्हणून आधी वरचं बीपी १४० च्या आसपास आणतात आणि गरजेनुसार पुन्हा सीटी काढतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आत्ताच सांगा. आपल्याकडे गोळ्यांची पिशवी नेमकी घरीच राहते!

लहान मेंदूतली रक्ताची गाठ ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा शुद्ध हरपत चालली असेल, तर मात्र ऑपरेशनचा निर्णय तातडीने घ्यावा लागतो. रक्तवाहिनीचा फुगा फुटला असेल तर बाहेरून चिमटा (क्लिप) लावतात किंवा आतून बारीक तारेचं वेटोळं (कॉइल) भरतात, ते प्रकरणच वेगळं. रक्त नेमकं कुठे आणि किती साचलंय, एवढं विचारून घ्या.